पडलेल्या काट्यांचा हिशेब

धाराशिव जिल्ह्यात जुनी गाडी निवृत्त होत नाही, तिचे फक्त काम बदलते. जिल्ह्याच्या मुख्य गावात ब्रॉडगेज रेल्वे पोचली तीच २००० नंतरच्या दशकात. भूम, परंडा, वाशी, कळंब, लोहारा या तालुक्यांतली खेडी आजही एसटीवर, आणि एसटी चुकली की जीपवर विसंबून असतात. त्यामुळे कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, १९९४ साली आलेली सुमो आणि २००० साली आलेली बोलेरो यांच्या जुन्या पिढ्या एमएच-२५ ची पाटी लावून अजून बाजारकरी आणि तुळजापूरचे यात्रेकरू वाहतात. ऊसपट्ट्यातले कित्येक ट्रॅक्टर तर त्याहून जुने. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर नजर टाकली की एखाददुसरा काटा तळाशी पडलेला दिसतोच. विचारले तर उत्तर मिळते, ‘मीटर बंद आहे.’ मग एक तर नवे मीटर बसवले जाते, नाही तर त्या काट्याकडे बघणेच सोडून दिले जाते. हे दोन्ही मार्ग तोट्याचे आहेत, कारण दोन्हींत निदान आधीच झाल्याचे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात काटा पडलेला असला तरी बिघाड बहुधा त्याच्यापासून हात-दोन हात किंवा पुरी गाडीभर दूर असतो, आणि तो शोधायला महागड्या यंत्रापेक्षा प्रश्नांचा नेमका क्रम जास्त उपयोगी पडतो.

आधी काट्यांच्या जाती वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण एकाच काचेआड बसलेली ही मंडळी एका घराण्यातली नाहीत. जुन्या गाडीतला किलोमीटरचा काटा पूर्णपणे यांत्रिक असतो. गिअरबॉक्समधून निघालेली केबल फिरते, तिच्या टोकाचा लोहचुंबक फिरतो, आणि त्याच्याभोवतीची अॅल्युमिनियमची वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. जर्मनीच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या मोटारी तिच्यावर चालल्या. काही जुन्या इंजिनांत ऑइल प्रेशरचा काटाही यांत्रिकच असतो. इंजिनमधून बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते आणि आतली वाकलेली चपटी नळी दाबाने उलगडते. ही नळी फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ याची, १८४९ सालची. डिझेलचा आणि तापमानाचा काटा मात्र विजेवर चालतो. चार्जिंगचा अँपमीटर, ऑइलचा लाल दिवा आणि बॅटरीचा दिवाही विजेचेच, पण प्रत्येकाची वाट निराळी. ही विभागणी मनात पक्की असली की पहिला निष्कर्ष फुकट हाती येतो: विजेचे सगळे काटे पडले आणि किलोमीटरचा काटा चालू आहे, तर मीटरच्या डब्याला दोष देण्याआधी विजेची वाट बघावी.

ती वाट लांब आहे. बॅटरीतून निघालेली वीज किल्लीच्या स्वीचमधून फ्यूजकडे, फ्यूजमधून मीटरच्या मागच्या सॉकेटकडे, तिथून मीटरच्या गुंडाळीतून बाहेर पडून गाडीच्या अंगाखालच्या वायरीने टाकीपर्यंत किंवा इंजिनपर्यंत जाते. तिथे सेंडर नावाचा बदलता रोध बसलेला असतो. टाकीत फ्लोट वर-खाली होतो तशी रोधावरची सरकपट्टी हलते. इंजिनमध्ये पाणी तापते तसा सेंडरचा रोध कमी होतो. सेंडरमधून वीज लोखंडात उतरते आणि बॉडी, चासी, इंजिन अशी फिरून बॅटरीच्या ऋण टोकाला परत येते; लोखंडातल्या या परतीच्या जोडणीलाच ‘अर्थ’ म्हणतात. या वाटेवर डझनभर सांधे आहेत. मीटर त्यातल्या त्यात कोरड्या, झाकलेल्या जागी असते. सांधे मात्र धुळीत, चिखलात, इंजिनच्या उष्णतेत आणि धक्क्यांत उघडे पडलेले असतात. झाकलेली वस्तू आधी मेली असेल की उघडे सांधे आधी खराब झाले असतील, याचे उत्तर द्यायला मिस्त्री असावे लागत नाही. शिवाय हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहिला की वायरिंगवर उंदरांचा हक्क सुरू होतो, तो वेगळाच.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: किती काटे गेले, आणि एकाच वेळी गेले का? वेगवेगळे भाग एकाच दिवशी स्वतंत्रपणे मरण्याची शक्यता फार थोडी. एकाच वेळी सगळे गेले तर त्यांना जोडणारी सामाईक गोष्ट तुटलेली असते. ती म्हणजे फ्यूज, स्वीचकडून येणारी वायर, मीटरमागचे सॉकेट किंवा मीटरची अर्थ. फ्यूज नुसता बघून भागत नाही. आतली तार शाबूत दिसते आणि पकडीला गंज चढलेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंना टेस्ट बल्ब लावून बघावे लागते. फक्त डिझेल आणि तापमान हे दोनच काटे एकदम पडले असतील तर संशयाची दिशा आणखी नेमकी होते. ब्रिटिश वळणाच्या जुन्या मीटरांत या दोघांना वीज देणारा एक छोटा स्थिरक असतो. बॅटरी १२ व्होल्टची असो की चार्जिंगमुळे १४ वर गेलेली असो, तो उघडझाप करत दोन्ही काट्यांना सरासरी १० व्होल्टच पुरवतो. तो बंद पडला तर दोन्ही काटे पडतात. त्याची अर्थ सुटली तर उघडझाप थांबते आणि दोन्ही काटे खऱ्यापेक्षा वर चढून बसतात. अशा वेळी टाकी भरलेली आणि इंजिन तापलेले एकाच वेळी दिसते. दोन वेगळे आजार वाटणारी ही लक्षणे एका सुट्या वायरीची असतात.

सामाईक कारणांत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती अर्थ. गाडीत दिव्याला जाणारी वायर दिसते, तिच्यावर रंग असतो, तिला नंबर असतो. परत येणारी वीज लोखंडातून येते, त्यामुळे तिचा विचार कुणाच्या मनात येत नाही. पण बॉडी आणि चासीच्या मध्ये रबर असते, टाकीच्या पट्ट्यांखाली रबर असते, डेंटिंग-पेंटिंग झाले की नटबोल्टखाली रंगाचा थर बसतो, आणि बॅटरीच्या ऋण टोकावर पांढरा-हिरवा बुरा चढतो. यातली कुठलीही गोष्ट परतीची वाट अडवते. हा दोष ओळखायची खूण सोपी आहे: हेडलाइट किंवा इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा हलतो. दिव्याची वीज परत जायला वाट शोधत काट्याच्या वाटेत घुसत असते. मल्टिमीटर असेल तर दिवे लावून मीटरची अर्थ आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातला व्होल्टेज मोजावा. तो जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी सांधा खराब आहे असे धरावे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड पट्टी तुटली तर काटे चुकणे ही लहान गोष्ट ठरते. स्टार्टरची शेकडो अँपिअर वीज तेव्हा अॅक्सिलरेटरच्या किंवा किलोमीटरच्या केबलमधून परतू लागते आणि केबल तापून निघते. वारंवार केबल जळत असेल तर केबलचा दर्जा तपासण्याआधी ही पट्टी तपासायला हवी.

एकच काटा पडला असेल तर प्रश्न बदलतो. आता वाट तीन तुकड्यांत कापायची: मीटर, मधली वायर आणि सेंडर. जुन्या एकवायरी सेंडरवर कसोटी अशी की स्वीच चालू करून सेंडरची वायर काढायची आणि तिचे टोक क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवायचे. बहुतेक तापमानाचे काटे अशा वेळी गरम टोकाकडे झेपावतात, वायर मोकळी सोडली की थंड टोकाला परततात. डिझेलच्या काट्याची दिशा कंपनीप्रमाणे उलट असू शकते. महत्त्व दिशेला नाही, हालचालीला आहे. काटा हलला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत, दोष सेंडरचा किंवा सेंडरच्या अर्थचा. हलला नाही तर हीच कसोटी मीटरच्या मागच्या टोकाला करायची. तिथे हलला तर मधली वायर तुटलेली, तिथेही हलला नाही तर मीटरकडे येणारी वीज बघून मगच मीटर खोलायचे. यात तीन पथ्ये आहेत. उष्णतेवर चालणारे जुने काटे सावकाश हलतात, म्हणून दोन-चार सेकंद थांबावे, पण वायर धरून ठेवू नये. आतली गुंडाळी जळते. मध्ये लहान बल्ब जोडला तर ही भीती राहत नाही. आणि पेट्रोल गाडीत ही चाचणी टाकीच्या तोंडाशी कधीच करू नये. ठिणगीपासून लांबचे सॉकेट निवडावे.

सेंडर खराब निघाला तरी लगेच नवा आणण्याची घाई नको, कारण सेंडरच्या आजारांत या भागाच्या सवयी आणि इथले पाणी उतरलेले असते. टाकी पूर्ण भरणारे थोडे. दोनशे-पाचशेचे डिझेल टाकत टाकत गाडी चालते. फ्लोट वर्षानुवर्षे तळाकडच्या पट्ट्यातच हलत राहतो आणि रोधाची पट्टी तिथेच झिजते. अशा गाडीत टाकी भरली की काटा व्यवस्थित वर येतो आणि पावापाशी आला की अचानक पडतो. मीटर अगदी निर्दोष असते. तापमानाच्या सेंडरचा शत्रू बोअरचे पाणी. बेसाल्टच्या खडकातून आलेले क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे ओतले की सेंडरच्या टोकावर चुनखडीसारखा थर चढतो आणि तो पाण्याचे खरे तापमान उशिरा आणि कमी सांगतो. हाच थर रेडिएटरच्या नळ्याही अडवत असतो, म्हणजे इंजिन जास्त तापते आणि काटा कमी दाखवतो. गळती थांबवायला सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप जाड गुंडाळली तर त्याची अर्थच तुटते, हा दोष तर नव्या भागासोबत घरी येतो. नवा सेंडर घ्यावाच लागला तर तो त्या मीटरच्या जोडीचा हवा. युरोपीय वळणाच्या टाकी सेंडरचा रोध साधारण १० ते १८० ओहम, अमेरिकी वळणाच्या काही मीटरांना २४० ते ३३ ओहम, तर काहींना ० ते ९०. आटे जुळले म्हणून भाषा जुळत नाही. भलत्या जोडीचा काटा हलतो, पण खोटे सांगतो.

किलोमीटरच्या काट्याचा शोध सगळ्यात सरळ. काटा पडला आणि किलोमीटरचे आकडेही थांबले तर केबल तुटली, सुटली किंवा गिअरबॉक्सच्या टोकाचा लहान गिअर झिजला. आकडे फिरतात आणि काटा पडून आहे, तर दोष मीटरच्या आतल्या वाटीत किंवा स्प्रिंगमध्ये. काटा थरथरतो, तर केबल कोरडी आहे किंवा फार वाकवून बसवली आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत यात एक भर आहे. तिथे किलोमीटरपेक्षा तास महत्त्वाचे. ऑइल बदलायचे तेही तासांवर. मीटरची केबल तुटली की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा आणि तासांचा आकडा दोन्ही थांबतात, आणि ऑइल बदलण्याचे वेळापत्रक अंदाजावर येते.

मीटर कधीच बिघडत नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. आधीच्या कुणी वायर शॉर्ट केल्यामुळे गुंडाळी जळालेली असते, मागच्या छापील सर्किटची पट्टी उकललेली असते, आणि जुन्या जीप-ट्रॅक्टरमधल्या अँपमीटरचे प्रकरण तर उलटे आहे. त्याच्यातून चार्जिंगची सगळी वीज जाते. त्याचा नट सैल झाला की तो तापतो, वायर वितळते, आणि आतून तुटला तर गाडीचे बहुतेक दिवे-हॉर्न एकदम बंद होतात. बॅटरीच्या दिव्याचेही असेच. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरांना सुरुवातीची वीज या दोन-तीन वॅटच्या बल्बमधून मिळते. बल्ब गेला की दिवा लागत नाही म्हणून चालक निर्धास्त, आणि अल्टरनेटर चार्जच करत नाही. हौसेने त्या जागी एलईडी बसवला तरी हेच होऊ शकते. म्हणून रोज सकाळी एक कसोटी फुकट करावी: किल्ली फिरवली, इंजिन सुरू व्हायच्या आधी ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. न लागलेला दिवा म्हणजे ठणठणीत गाडी, हा समज सगळ्यात महाग पडतो.

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू: सगळे काटे सारख्या मोलाचे नाहीत, आणि दुरुस्तीचा लोकांचा क्रम या मोलाच्या उलटा चालतो. डिझेलचा काटा आधी दुरुस्त होतो, कारण त्याचा त्रास आज होतो. डिझेल संपलेल्या इंजिनात हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही; हाल होतात हे खरेच. पण टाकीत काठी घालून डिझेल बघता येते, ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान काठीने कळत नाही. ऑइलचा दाब गेला तर इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. पाणी तापले तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, येडशीचा आणि तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो, आणि समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपासच्या या पठारावर उघडे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरत नसेल तर दाबाने उकळणे लांबवण्याची सवलतही इंजिनला उरत नाही. म्हणून इथे क्रम असा हवा: ऑइल, तापमान, चार्जिंग, वेग आणि शेवटी डिझेल.

यावर पहिला आक्षेप अनुभवी चालकांचा. त्यांचे म्हणणे असे की इंजिनचा आवाज, धुराचा रंग, गरम वास यांवरून सगळे कळते. काटा नवख्यांना लागतो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि काटा स्वतः चुकू शकतो हेही खरे. पाणी गळून गेले आणि सेंडर कोरडा पडला तर काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. नेमक्या संकटाच्या क्षणी तो खोटा दिलासा देतो. कानाची गरज तिथे निश्चित आहे. पण वास येतो तेव्हा पाणी उकळून गेलेले असते, आवाज बदलतो तेव्हा बेअरिंग घासलेले असते. काटा त्याआधीची दहा मिनिटे सांगतो, आणि घाटात ती दहा मिनिटेच इंजिनची किंमत ठरवतात. चालता काटा अचानक पडणे हीदेखील त्यामुळे बातमी असते. ती वाचायला काटा आधी जिवंत हवा. शिवाय जीप नेहमी एकाच चालकाच्या हाती राहत नाही. कान उसना देता येत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबाचा: बाजारात बदली मीटर मिळते, मग वायरमनची अर्धी दुपार कशाला घालवायची? उत्तरही हिशेबातच आहे. दोष अर्थमध्ये असेल तर नवे मीटरही पडूनच राहील आणि पैसे दोनदा जातील. स्थिरक बिघडला असेल तर नव्या काट्यालाही तो जाळू शकतो. मीटर बदलले की किलोमीटरचे आकडे नव्याने सुरू होतात. गाडी विकताना त्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि प्रामाणिक मालकही संशयात सापडतो. फ्यूज, सॉकेट, अर्थ आणि एका वायरीची कसोटी एवढ्याला टेस्ट बल्ब, सँडपेपर आणि तास-दीड तास पुरतो. त्यातूनही दोष मीटरचाच निघाला तर नवे मीटर निर्धास्तपणे घेता येते. तपासणी वाया गेलेली नसते.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. नव्या गाड्यांत काटे संगणक चालवतो, वायरी एकाच माहितीवाहिनीला जोडलेल्या असतात, दोष स्कॅनर सांगतो. मग टेस्ट बल्बची विद्या कुणाच्या कामाची? इथे एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे: अशा गाडीत वायर लोखंडाला टेकवण्याची कसोटी करू नये, सर्किट जळू शकते. पण तर्क टिकून आहे. २००३ नंतरच्या काही वर्षांतल्या अमेरिकी पिकअप गाड्यांत काटे भलतीकडे अडकू लागले तेव्हा दोष काटा फिरवणाऱ्या छोट्या मोटारींत निघाला. तिथेही संगणकाकडे येणारी माहिती बरोबर आहे की नाही, हे आधी वेगळे काढावे लागले. स्कॅनर इंजिन ९० अंशांवर असल्याचे दाखवतो आणि काटा पडलेला आहे, तर सेंडर निर्दोष. स्कॅनरलाही आकडा मिळत नसेल तर वाट संगणकाच्या अलीकडे, सेंडरच्या बाजूला तुटलेली. वाट तुकड्यांत कापायची रीत तीच, हत्यार नवे. आणि संगणकाच्या डब्यालाही अर्थ लागतेच.

शेवटचा आक्षेप असा की या गाड्या भंगारातच जाणार आहेत. सरकारी मालकीची १५ वर्षांवरची वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून निघाली, हे खरे. खासगी गाडी मात्र १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून पाच-पाच वर्षे चालवता येते, आणि प्रवासी जीपला ठरलेल्या मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे त्या तपासणीत डॅशबोर्डवरची उपकरणे आणि वेगदर्शक हे दोन्ही मुद्दे येतात. कायद्याहून मोठे कारण रस्ते आहेत. सोलापूर–धुळे महामार्ग येडशीवरून, पुणे–हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून जातो. गावरस्त्यासाठी बांधलेली जीप या रुंद रस्त्यांवर किती वेगाने पळते आहे, हे भरल्या गाडीच्या चालकाला अंदाजाने सांगता येत नाही. जी गाडी अजून पाच वर्षे माणसे वाहणार आहे, तिला म्हातारी म्हणून आंधळी ठेवणे परवडत नाही.

सगळ्याचा मेळ घातला तर हाती एक लहानसा क्रम येतो: किती काटे गेले ते मोजा, सगळे गेले तर फ्यूज, स्वीचची वायर आणि अर्थ, दोन गेले तर स्थिरक, एक गेला तर वाट तुकड्यांत कापा, मीटरचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. आणि कुठल्या काट्याला आधी हात घालायचा हे डिझेलच्या चिंतेवरून नव्हे, इंजिनच्या धोक्यावरून ठरवा. बोल्टखालचा रंग खरवडला आणि पडलेला काटा उठला, असे झाले तर खर्च सँडपेपरच्या एका तुकड्याचा असतो. ‘मीटर बंद आहे’ हे वाक्य त्या तुकड्यानंतरच बोलावे.